हात काढा

१

बसूनं नवा फोन पाठवला तेव्हा डब्यात एक चिठ्ठी होती. 'अप्पा, अक्षताकडून शिकून घ्या.' बसू माझा मुलगा, वळसंगला शेती बघतो. अक्षता त्याची मुलगी, कॉलेजसाठी दोन वर्षांपासून भवानी पेठेत माझ्याकडे राहते. चिठ्ठी वाचून माझं डोकंच फिरलं. एकतीस वर्षं जॉबर होतो मी. जॉबर म्हणजे कारखान्यातले माग लावणारा, बिघडले तर दुरुस्त करणारा, अख्ख्या पाळीचा बाप. छत्तीस यंत्रमाग माझ्या हाताखाली होते. लोखंडावर नुसता तळवा टेकवून कुठला नट सैल झालाय ते मी सांगायचो, आणि मला म्हणे नातीकडून शिकून घ्या.

पण शिकलो. चालू करायचं बटण उजव्या कडेला, आवाजाचं त्याच्या वर, हे पहिल्या पाच मिनिटांत. मग फोननं माझं बोट मागितलं. कुलूप म्हणून बोटाचा ठसा ठेवायचा असतो. मी अंगठा ठेवला, फोन म्हणाला, बोट पुसून पुन्हा ठेवा. दहाच्या दहा बोटं ठेवून झाली. सूत ओढून ओढून माझी बोटं इतकी गुळगुळीत झालीत की त्यावर रेघ राहिलेली नाही.

"अज्जा, तुमाला बोटंच न्हाईत असं म्हणतंय हे," अक्षता हसत सुटली.

"बोटं हायत, दहा हायत," मी म्हणालो. "आणि माज्या पाळीत सगळ्यांची दहाच राहिली."

हे मी येताजाता सांगतो, आणि का सांगू नये? आमच्या पेठेत तुटक्या बोटांची माणसं काही कमी नाहीत. माझ्या पाळीत मात्र एकतीस वर्षांत एकाचंही नख गेलं नाही. रीत साधी होती. सगळे माग एकाच मोठ्या मोटरवर चालायचे. बटण दाबण्याआधी मी ओरडायचो, "हात काढा!" प्रत्येक मागावरून उत्तर यायचं, "काढला!" छत्तीस उत्तरं आली की मगच बटण. पुढे पुढे ही सवय इतकी अंगात भिनली की घरी मिक्सर लावतानासुद्धा मी "हात काढा" म्हणतो. सुंदरम्मा, माझी बायको, होती तेव्हा हसायची.

लोक म्हणतात महादेवप्पाला ऐकू कमी येतं. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या माणसाबद्दल असं बोलायची लोकांना खोड असते. मला नीट ऐकू येतं. हल्ली माणसंच तोंडातल्या तोंडात बोलतात.

२

तिसऱ्या दिवशी अक्षतानं फोनमध्ये एक नवीन गोष्ट उघडून दिली. पांढरा पडदा आणि कोपऱ्यात निळं वर्तुळ. आपण बोललो की फोन ते मराठीत लिहून दाखवतो. आवाज मोठा असेल तसं वर्तुळ फुगतं, शांतता झाली की बारीक होतं.

"लांब मेसेज लिवायला बरं पडतंय," ती म्हणाली. "तुमी बोला, ते लिवतंय."

पोरगी हुशार. मला ऐकू येत नाही म्हणून ही सोय आहे असं ती बोलली असती तर मी फोन परत डब्यात घातला असता. मी फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर उभा ठेवला. ती बोलत होती आणि तिचे शब्द पडद्यावर उमटत होते. रविवारी तिच्या कॉलेजचे सर आणि दहा-बारा मुलं घरी येणार होती, माझा माग बघायला.

कारखाना बंद झाला तेव्हा मालकांनी मला एक माग आठवण म्हणून दिला. पुढच्या खोलीत तो बसवून आठ वर्षं झाली. दर सोमवारी मी त्याला तेल देतो, पुसतो, विभूती लावतो, पण चालवलेला नाही. घरात मोटरच नव्हती. आता अक्षतानं कॉलेजात सांगून ठेवलं होतं, माझे अज्जा माग चालवून दाखवतील. वायरमन येऊन मोटर जोडून गेला होता. मी स्वतः पांढऱ्या सुताचा ताणा चढवला होता, चार दिवस खपून. रविवारी कॅमेऱ्यासमोर मी बटण दाबणार होतो. या वयात अशी संधी कोणाला मिळते? मला रात्री झोपताना त्याच विचारानं हसू यायचं.

अक्षता कॉलेजला गेली. मी शेंगा भाजून घेतल्या, चटणीसाठी मिक्सरच्या भांड्यात घातल्या आणि सवयीनं म्हणालो, "हात काढा."

फळीवरच्या फोननं लिहिलं, 'हात काढा'.

त्याच्याखाली लिहिलं, 'काढला'.

मी मिक्सर लावला. चटणी होईपर्यंत पडद्यावर काही उमटलं नाही. भांडं उतरवल्यावर मी ती ओळ पुन्हा वाचली. अक्षतानं सांगितलं होतं की नवे फोन पुढचा शब्द आपणहून सुचवतात. पण जॉबरच्या हाकेला काय उत्तर द्यायचं हे फोनला कळावं, याचं मला कौतुकच वाटलं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची मोटर लावताना मी फोन शेजारी ठेवला. "हात काढा." 'काढला'. इस्त्री लावताना पुन्हा तेच. पंखा लावतानाही.

यंत्र मला फसवू शकत नाही. तपासायचं म्हणजे एकेक गोष्ट बदलून बघायची, ही आमची पद्धत. आधी मी तोंड मिटून बसलो. फोन कोरा. मग म्हणालो, "जेवलात का?" फोननं माझाच प्रश्न लिहिला, उत्तर नाही. "आज गुरुवार हाय." उत्तर नाही. "हात काढा." 'काढला'.

सुचवणारा फोन एवढ्या एकाच हाकेला का सुचवेल?

मग माझं लक्ष निळ्या वर्तुळाकडे गेलं. मी बोललो की ते फुगत होतं आणि बारीक होत होतं. त्यानंतर, खालची ओळ उमटायच्या आधी, पुन्हा फुगत होतं. थोडंसंच. म्हणजे फोन सुचवत नव्हता. त्याला आवाज येत होता.

मी फोन हातात घेऊन घरभर फिरलो. माग खटखटायला लागला की आवाज कुठून येतो ते असंच एकेक जागा बदलून शोधायचं असतं. स्वयंपाकघरात हाक दिली, वर्तुळ वाटाण्याएवढं झालं. मधल्या खोलीत लिंबाएवढं. पुढच्या खोलीत मागाशेजारी उभा राहून मी "हात काढा" म्हणालो तेव्हा वर्तुळ पडद्याच्या कडेला जाऊन टेकलं. एवढं मोठं ते माझ्या स्वतःच्या आवाजानंही होत नव्हतं.

'काढला'.

मी कान दिला. खोलीत अगदी शांतता होती. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, ती मला दिसली. तिचाही आवाज आला नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

संध्याकाळी कोंडीबा आला. माझ्या पाळीत बावीस वर्षं माग चालवलेला माणूस. मी त्याला मागाशेजारच्या खुर्चीवर बसवलं, फोन मांडीवर धरला आणि हाक दिली.

"काय ऐकू आलं का रं?" मी विचारलं.

"तुमीच वरडला की."

"त्याच्यानंतर?"

कोंडीबानं मान वाकडी करून कान दिला. "न्हाय बा. लई शांत हाय तुमचं घर. बरं वाटतंय हितं."

माझ्या मांडीवर वर्तुळ फुगून गच्च झालं होतं. मग मला आठवलं, कोंडीबाची बायको त्याला हाक मारायची असेल तर त्याच्या खांद्याला हात लावते. त्याचेही कान त्याच कारखान्यात गेलेले. पेठेतल्या कुणाही जुन्या माणसाला आणून बसवलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं.

४

ऐकू येणारं एकच माणूस घरात होतं. तिला सरळ विचारणं म्हणजे मला ऐकू येत नाही असं कबूल करणं. ते मी करणार नव्हतो. शुक्रवारी जेवताना मी आडून विचारलं.

"अक्षता, मी हात काढा म्हणतो त्याचा तुला तरास होतोय का?"

फोन ताटाशेजारी उभा होता. तिचं बोलणं मी त्याच्यावर वाचत होतो, अशा बेतानं की तिला वाटावं मी आमटीकडे बघतोय.

"तरास कसला? सवय झाली की," ती म्हणाली. "हात काढा म्हणता आणि परत तुमीच काढला म्हणता. आवाज बदलून. पयल्यांदा मला लई भ्या वाटलं होतं."

"पयल्यांदा म्हणजे कवा?"

"मी राहायला आले तवा. दोन वर्षं झाली."

मी उत्तर कधीच दिलं नव्हतं. मी फक्त हाक देत होतो, आणि मिक्सर, मोटर, पंखा लावत होतो.

"कसला आवाज काढतो मी?" मी हसून विचारलं. हसू आणायला जोर लावावा लागला.

"लांबून वरडल्यावानी. कुणीतरी दमलेलं वरडतंय तसं." तिनं भाकरी मोडली. "आजी गेल्यावर माणूस स्वतःशी बोलतंयच की, अज्जा. मी कुणाला सांगितलं न्हाई."

ती मला वेडा समजत होती आणि माझी लाज राखत होती. मला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची चीड आली. खरं सांगून टाकावं असं एकदा मनात आलं. पण परवा तिचे सर येणार होते. ज्याला ऐकू येत नाही आणि ज्याच्या घरात भलतंच कुणी बोलतं, त्याच्यासमोर कोण कॅमेरा धरणार?

जेवण झाल्यावर मी एकटाच बसून विचार केला. कारखान्यातली शेवटची काही वर्षं मी छत्तीस उत्तरं ऐकत होतो, की छत्तीस तोंडं हललेली बघत होतो? मागच्या रांगेत खांबाआड चार माग होते. तिथली तोंडं दिसायची नाहीत. तिथूनही उत्तर आलंच असणार, कारण बटण दाबल्यावर कधी काही झालं नाही. मला तरी कुणी काही झाल्याचं सांगितलं नाही.

५

रविवारी सकाळी मी इस्त्रीचं धोतर नेसलो, पांढरी टोपी घातली, कपाळाला विभूती लावली. मागाला झेंडूचा हार घातला. खोली मुलांनी भरून गेली. अक्षता सगळ्यांना मागाची माहिती देत होती. हा ताणा, म्हणजे उभे धागे. ही फणी, आडवा धागा ठोकून बसवते. हा धोटा, इकडून तिकडे पळतो. मी तिला शिकवलं तसंच, एकही शब्द न चुकता. तिचे सर माझ्या पाया पडले. मला इतका मान माझ्या निवृत्तीच्या दिवशीही मिळाला नव्हता.

फोन मी मागाच्या वरच्या लाकडावर, मला दिसेल असा ठेवला होता. कुणी विचारलं तर फोटो काढायला म्हणून.

"काका, आम्ही तयार आहोत," सरांचं बोलणं पडद्यावर आलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला.

मी मुलांना चार पावलं मागे सरकवलं. छाती भरून श्वास घेतला आणि कारखान्यात द्यायचो तशी हाक दिली.

"हात काढा!"

मुलांनी हसत हसत हात वर केले. चोवीस हात, मी मोजले. अक्षतानं सांगून ठेवल्याप्रमाणे 'काढला' असं मुलं गमतीनं ओरडली, ते चार-पाचदा उमटलं. मी बटणावर अंगठा ठेवला आणि शेवटचं एकदा पडद्याकडे बघितलं.

'थांबा'.

वर्तुळ कडेपर्यंत गेलं होतं. मुलांची तोंडं मिटलेली होती.

'थांबा थांबा थांबा'.

मी डावा तळवा मागाच्या चौकटीवर टेकवला. माझे कान काहीही असोत, माझा तळवा कधी चुकलेला नाही. बंद मागात धडधड होती. बारीक, तुटक, कुणीतरी हिसका देऊन काहीतरी सोडवायला बघतंय तशी. दोन हिसके, थांबणं, पुन्हा एक हिसका.

अंगठा बटणावरच होता. दाबला असता तर माग चालला असता, टाळ्या पडल्या असत्या, आणि माझी एकतीस वर्षं जशीच्या तशी राहिली असती. मला दाबायचं होतं. खोटं कशाला सांगू, फार दाबायचं होतं.

मी अंगठा उचलला.

"आज माग चालनार न्हाय," मी म्हणालो.

सरांनी समजुतीनं मान हलवली. मुलं एकमेकांकडे बघत होती. पूर्वी मला त्यांची कुजबुज कळली नसती. आता ती समोर लिहिलेली होती. 'घाबरले वाटतं'. 'ऐकू पण येत नाही त्यांना'. 'उगाच आलो'. मग एक ओळ आली, ती कुणाची हे मला अक्षताच्या चेहऱ्यावरून कळलं.

'माझे अज्जा नाही म्हणले म्हणजे मागात काहीतरी आहे'.

ती रडायच्या बेतात होती, तरी ताठ उभी होती. मला वाटलं, पोरगी माझ्यावर गेली.

६

अक्षता सगळ्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेली. दुपारचे बारा वाजले असतील, खोलीत ऊन आलं होतं. मी दार लोटलं, मोटरची वायर भिंतीतून उपटून काढली आणि फोन हातात घेऊन मागासमोर उभा राहिलो.

"कोण हाय?" मी विचारलं.

पडदा कोरा.

"कुटं अडकलाय?"

वर्तुळ सावकाश फुगलं. ओळ अडखळत, एकेक शब्दानं आली.

'जॉबर मी कधीचा वरडतोय की'.

मी स्टूल ओढलं आणि बसलो. एकतीस वर्षांत मला जॉबर म्हणून हाक मारणारी शेकडो माणसं होऊन गेली. हा कोण, कुठल्या पाळीतला, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. त्यानं एखादं साल सांगितलं असतं, आणि ते मला ऐकायचं नव्हतं. पण एक काम मला येत होतं. मागाच्या कडेला एक लोखंडी चाक असतं, माग हातानं फिरवायला. कुणाचं काही अडकलं तर ते चाक उलटं फिरवायचं, अगदी हळू, म्हणजे फणी मागे सरते आणि दाब सुटतो. ते काम मी आजवर करून बघितलं नव्हतं, कारण माझ्या पाळीत ती वेळ आली नाही असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो.

"घाबरू नको," मी म्हणालो. "मी हाय हितं. हळू सोडवतो."

मी चाकाला दोन्ही हात लावले. तेल दिलेलं चाक, एका बोटानं फिरायला हवं होतं. ते फिरेना. मी जोर लावला, दंडाच्या शिरा फुगल्या. मग ते एक बोटभर मागे सरकलं, आणखी एक बोटभर. फणीच्या अलीकडे, पांढऱ्या ताण्यात, धागे पाच जागी वर उचलले गेले. खालून काहीतरी त्यांना रेटत होतं. ती पाच टोकं माझ्या दिशेनं सरकली, धाग्यांवर थोडा वेळ लाल डाग दिसले, आणि मग ताणा सपाट झाला. डागही राहिले नाहीत. उन्हात मी ते किती वेळ बघत होतो कोण जाणे.

तळवा चौकटीवर ठेवला. धडधड थांबली होती.

'काढला', फोननं लिहिलं.

मला भरून आलं. भीती होती, पण तिच्याही वर मला माझा अभिमान वाटला. सत्तरी उलटलेल्या माणसानं, बहिऱ्या माणसानं, एकट्यानं एक हात सोडवला होता. बहिरा हा शब्द मी पहिल्यांदाच स्वतःसाठी वापरला आणि तो वापरताना मला काही झालं नाही. आता अक्षता आली की तिला सांगायचं, बसूलाही सांगायचं, असं मी ठरवून टाकलं.

तळव्याखाली चौकट पुन्हा हलली.

'माझा बी', असं पडद्यावर आलं.

मी पुन्हा वाचलं. त्याखाली दुसरी ओळ आली. 'हितं बी जॉबर'. त्याखाली, 'इकडं खांबामागं'. मग ओळी इतक्या भराभर यायला लागल्या की वरच्या वाचायच्या आत निघून जात होत्या. 'थांबा'. 'न्हाय काढला'. 'आमी सांगितलं होतं'. काही ओळी कन्नडमध्ये असाव्यात, काही तेलुगूत, फोन त्यांची कशीबशी मराठी करत होता. वर्तुळ पडद्यात मावत नव्हतं. घरात मला अजूनही काही ऐकू येत नव्हतं, एक पाखरूसुद्धा नाही. ताण्याचे धागे मात्र एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, पाच-पाचच्या जागी, वर उचलले जात होते.

दार उघडलेलं मला उजेडामुळे कळलं. अक्षता उंबऱ्यात उभी होती. तिनं दोन्ही कानांवर हात गच्च दाबले होते आणि तिचे ओठ हलत होते. ती काय म्हणाली ते पडद्यावर आलंही असेल, पण एवढ्या ओळींत मी ते कुठं शोधणार? मी तिला हातानं खूण केली, आत येऊ नको.

"मला ऐकू येत न्हाय, अक्षता," मी मोठ्यानं सांगितलं. "लई वर्षं झाली."

मग मी टोपी काढून बाजूला ठेवली, बाह्या वर सारल्या आणि चाकाला हात लावला.